एल्कने उलटवलेली मर्सिडीज: ए-क्लास प्रकरण, १९९७

२१ ऑक्टोबर १९९७ रोजी स्टॉकहोमजवळ एक कोरी करकरीत मर्सिडीज उलटली. कोणी धडक दिली नव्हती की रस्त्यात खड्डा नव्हता. वेग होता ताशी ६० किलोमीटरच्या आसपास. 'टेक्निकेन्स वेर्ल्ड' या स्वीडिश मोटार नियतकालिकाचे पत्रकार रॉबर्ट कोलिन गाडी चालवत होते. माणसं आणि सामान भरलेली ए-क्लास त्यांनी डांबरावर मांडलेल्या शंकूंमधून आधी डावीकडे आणि लगेच उजवीकडे वळवली. अचानक रस्त्यात आलेला एल्क नावाचा मोठा प्राणी चुकवण्याची ही चाचणी. एका बाजूची चाकं उचलली गेली आणि गाडी आडवी झाली. जिवावर कोणाच्या बेतलं नाही. जर्मनीत या गाडीची विक्री सुरू होऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता.

पुढच्या तीन आठवड्यांत मर्सिडीजने काय केलं, हे व्यवस्थापनाच्या वर्गांत 'संकटातून अब्रू कशी वाचवावी' म्हणून शिकवतात. प्रेसपुढे कोण आलं, किती उशिरा आलं, काय बोललं, याचा कीस पाडला जातो. तो सगळा भाग खरा आहे, पण मला त्यापेक्षा एक साधी गोष्ट जास्त बोलकी वाटते. ही गाडी सरळ ठेवू शकणारं साधन याच कंपनीकडे दोन वर्षं आधीपासून तयार होतं आणि विकलंही जात होतं. ते कोणाच्या गाडीत घालायचं, एवढंच आधी ठरून गेलेलं होतं.

पत कशाच्या जोरावर होती

कंपनीचा इतिहास इथे थोडक्यात पुरे. कार्ल बेंझ यांनी मानहाइममधून २९ जानेवारी १८८६ रोजी तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन त्याच गाडीची सुधारलेली आवृत्ती चालवत पोर्ट्सहाइमला माहेरी पोहोचल्या, वाटेत वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेऊन. तिकडे कानश्टाटमध्ये गॉटलीप डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांचं स्वतंत्र काम चालू होतं. दोन्ही कंपन्या १९२६ मध्ये एक होऊन मर्सिडीज बनवणारी डाइमलर-बेंझ झाली. 'सर्वोत्तम, नाहीतर काहीच नाही' हे डाइमलर यांचं म्हणून सांगितलं जाणारं वचन कंपनी अजून मिरवते. नाझी काळात याच कारखान्यांत हजारो वेठबिगार राबवले गेले. जर्मन कंपन्यांच्या इतिहासाबद्दल लिहिताना हे पान गाळून पुढे जाता येत नाही, आणि खुद्द कंपनीलाही ते मोकळेपणाने उघडायला काही दशकं लागली.

युद्धानंतर मर्सिडीजचं नाव झालं ते सुरक्षेमुळे. बेला बारेन्यी या अभियंत्याची कल्पना अशी, की मधली बैठक पोलादी पेटीसारखी भक्कम ठेवायची आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चेपेल असा बनवायचा, म्हणजे धडकेचा जोर पत्रा खातो, माणूस नाही. ही कल्पना १९५९ च्या मॉडेलमध्ये उतरली. १९७८ मध्ये मोटारींचे भाग बनवणाऱ्या बॉश कंपनीबरोबर विकसित केलेलं एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं साधन, एस-क्लासमध्ये आलं, १९८१ मध्ये एअरबॅगही एस-क्लासमध्येच.

क्रम पाहा. नवं साधन आधी सर्वांत महागड्या गाडीला मिळतं आणि मग सावकाश खाली झिरपतं. एबीएस मर्सिडीजच्या प्रत्येक मोटारीत सरसकट यायला १९९२ उजाडलं, म्हणजे चौदा वर्षं गेली. महाग गाडीचा ग्राहक संशोधनाचा खर्च उचलतो, माल वाढला की किंमत उतरते, हा हिशेब धंद्याच्या दृष्टीने चुकीचा नाही. पण बोनेटवरचा तारा तर सगळ्या गाड्यांवर सारखाच असतो. १९९७ पर्यंत हा विसंवाद कोणाला फारसा खुपला नाही, कारण मर्सिडीजची सर्वांत छोटी गाडीही तशी लांबरुंद आणि जड होती.

आखूड गाडीचा घाट

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीचे दिवस बरे नव्हते. जपानी लेक्सस अमेरिकेत मर्सिडीजचे ग्राहक पळवत होती आणि १९९३ मध्ये डाइमलर-बेंझला तोटा झाला. नुसत्या मोठ्या गाड्यांवर पुढे भागणार नाही, असं हेल्मुट वेर्नर यांच्यासारख्या नेतृत्वाने ठरवलं आणि राश्टाटच्या कारखान्यात छोटी गाडी बनवायचा बेत पक्का झाला. (वेर्नर यांना मात्र गाडी रस्त्यावर येण्याआधीच, १९९७ च्या जानेवारीत, डाइमलर-बेंझचे प्रमुख युर्गेन श्रेम्प यांच्याबरोबरच्या सत्तासंघर्षात बाहेर पडावं लागलं. पुढचा मनस्ताप श्रेम्प यांच्या वाट्याला आला.)

गाडीची लांबी ३.५७ मीटर, आपल्याकडच्या छोट्या हॅचबॅकएवढी. एवढ्या आखूड नाकात मर्सिडीजच्या लौकिकाला साजेशी धडक-सुरक्षा बसवायची कशी? उत्तर खरंच हुशारीचं होतं. गाडीला दोन तळ दिले, एकावर एक. इंजिन तिरकं बसवलं, म्हणजे समोरून धडक बसली तर ते प्रवाशांच्या पायांवर न येता खालच्या पोकळीत सरकेल. प्रवासी वरच्या तळावर, इतर गाड्यांपेक्षा उंचावर बसणार, त्यामुळे बाजूची धडकही बरीचशी पायांखालून जाणार. गाडीची उंची १.५७ मीटर झाली.

या दुहेरी तळामागे आणखी एक विचार होता. ती पोकळी पुढेमागे बॅटरी किंवा फ्युएल सेल (हायड्रोजनपासून वीज बनवणारं साधन) ठेवायला उपयोगी पडेल, असा अंदाज होता. खाली जड बॅटरी असती तर गाडी बुडाशी वजनदार झाली असती. पण पेट्रोल-डिझेलच्या गाडीत ती जागा बरीचशी हलकी राहिली आणि माणसं मात्र वरच बसली. आजच्या विजेच्या गाड्या उंच असूनही रस्त्याला चिकटून चालतात, कारण त्यांच्या तळात काहीशे किलोची बॅटरी असते. ए-क्लासचा सांगाडा ज्या यंत्रणेच्या आशेवर उंच केला होता, ती यंत्रणाच त्यात नव्हती.

शंकूंमध्ये काय घडलं

एल्क हा सांबराच्या कुळातला, पण उंटासारख्या लांब पायांचा प्राणी, वजनाला चार-पाचशे किलो. स्वीडनमध्ये तो संधिप्रकाशात जंगलातून अचानक रस्त्यावर येतो. मोटार त्याच्या पायांना धडकते आणि धड थेट काचेवर येऊन आदळतं. म्हणून तिकडे चालकाला ब्रेकच्या जोडीने गाडी वळवून बाजूने काढण्याचंही भान लागतं. समोरच्या लेनमध्ये शिरायचं, आणि तिथून येणाऱ्या वाहनावर आदळायच्या आत परत आपल्या लेनमध्ये यायचं. 'टेक्निकेन्स वेर्ल्ड' ही चाचणी बरीच वर्षं घेत आलं होतं, आणि तीही गाडी पूर्ण भरून, कारण सुट्टीला निघालेलं कुटुंब रिकाम्या गाडीने जात नाही.

पहिल्या वळणापेक्षा दुसरं वळण घातक असतं. एसटीत उभ्याने प्रवास केलेल्याला हे सांगावं लागत नाही: बस एकीकडे झुकली की आपण सावरतो, पण ती लगेच उलट्या बाजूला वळली की सावरताना घेतलेला झोकच आपल्याला पाडतो. गाडीचंही तेच होतं. पहिल्या वळणात एका बाजूच्या स्प्रिंगा दबतात, दुसऱ्या वळणात त्या उसळी मारून सगळं वजन विरुद्ध बाजूला फेकतात.

इथे भूमितीचा प्रश्न येतो. गाडी घसरणार की उलटणार, हे दोन गोष्टींच्या तुलनेवर ठरतं: एकीकडे टायरची पकड, दुसरीकडे चाकांमधल्या रुंदीचं गुरुत्वमध्याच्या उंचीशी असलेलं प्रमाण. पकड कमी असेल तर गाडी घसरते. घसरणंही धोक्याचंच, पण चाकं जमिनीवर राहतात. गाडी उंच आणि अरुंद असेल, टायर मात्र घट्ट धरून ठेवत असेल, तर घसरण्याआधीच ती कलंडते. म्हणजे इथे चांगल्या पकडीचा टायरच घात करतो. त्यात वरच्या तळावर बसलेल्या माणसांचं वजन मिळवा.

मर्सिडीजने ही गाडी विकायला काढण्याआधी लाखो किलोमीटर पळवून पाहिली होती. बर्फात, वाळवंटात, डोंगरात. नेमका हा डाव-उजवा झोका, पूर्ण भरलेल्या गाडीत, या वेगाला, तेवढा निसटला.

तीन आठवडे

पहिले काही दिवस कंपनीने जे केलं त्याला सारवासारव याहून चांगला शब्द नाही. ही चाचणी कोणत्याही मानकात बसत नाही, प्रत्यक्ष रस्त्यावर असं कोणी गाडी हाणत नाही, असा सूर होता. मग खापर टायरवर फोडायचा प्रयत्न झाला. तांत्रिकदृष्ट्या टायरचा हात होताच, वर सांगितलंच आहे, पण गाडीला कोणता टायर लावायचा हे टायरवाला एकटा ठरवत नाही.

दरम्यान जर्मनीत हसं झालं होतं. पूर्व जर्मनीची ट्राबांट, पत्र्याऐवजी राळ आणि कापसाच्या मिश्रणाची बॉडी असलेली, फटफट धूर सोडणारी गाडी, जिची बर्लिनची भिंत पडल्यापासून यथेच्छ टर उडवली जायची, तिने ही चाचणी पार केल्याची बातमी छापून आली. खुलाशांनी जे नुकसान भरून निघत होतं, ते त्या एका बातमीने दुप्पट केलं. ट्राबांट बुटकी होती आणि तिच्या टायरना पकड बेताचीच, म्हणून ती घसरून सुटली, हे वाचकाला कोण समजावणार?

२९ ऑक्टोबरला कंपनी पहिल्यांदा वळली. सगळ्या ए-क्लासमध्ये ईएसपी, म्हणजे गाडीचा तोल आपोआप सावरणारी यंत्रणा, कोणताही जादा आकार न लावता बसवू आणि टायर बदलू, असं जाहीर झालं. पण दोषाचा उच्चार अजून अर्धवटच होता, आणि विक्री चालूच होती. टीका थांबली नाही. शेवटी ११ नोव्हेंबरच्या सुमारास श्रेम्प आणि मोटार विभागाचे प्रमुख युर्गेन हुबर्ट यांनी सांगितलं, की गाडीचं वितरण बारा आठवडे बंद. विकल्या गेलेल्या गाड्या परत घेऊन सुधारून देणार, आणि नुसती ईएसपी न लावता सस्पेन्शनही नव्याने जुळवणार. गाडी थोडी खाली बसवली गेली, मागच्या चाकांतलं अंतर वाढवलं, स्प्रिंगा आणि झोका रोखणारे दांडे ताठ केले. खर्चाचा अंदाज ३० कोटी मार्कांचा होता.

या दोन घोषणांमधल्या तेरा-चौदा दिवसांना माझ्या मते सर्वांत कमी माफी आहे. इलाज २९ तारखेलाच माहीत होता. तो गाडीच्या घडणीपर्यंत न्यायला दोन आठवडे लागले, कारण घडणीला हात लावणं म्हणजे घडण चुकली हे कबूल करणं.

दोन वर्षं फडताळात असलेलं साधन

ईएसपीची जन्मकथा मर्सिडीज स्वतः सांगते ती अशी: १९८९ च्या हिवाळ्यात कंपनीचा एक अभियंता, फ्रांक-वेर्नर मोन, स्वीडनमध्येच बर्फावरून घसरून रस्त्याकडेच्या चरात गेला, आणि मदतीची वाट पाहताना त्याच्या डोक्यात आलं, की एबीएसचे सेन्सर चाकांचा वेग सतत मोजतच असतात, मग गाडी आडवी व्हायला लागली हे त्यांना कळवता येणार नाही का? बॉशमध्ये आंटोन फान झांटेन यांचा गट याच प्रश्नावर काम करत होता. १९९५ मध्ये यंत्रणा बाजारात आली. कुठे? एस-क्लासच्या कूपेत, म्हणजे दोन दारांच्या महागड्या गाडीत.

काम कसं चालतं हे जवळून पाहण्यासारखं आहे. एक सेन्सर स्टिअरिंग किती फिरवलंय ते सांगतो, म्हणजे चालकाला कुठे जायचंय ते. दुसरा सेन्सर गाडी स्वतःच्या उभ्या अक्षाभोवती किती वेगाने गिरकी घेते ते सांगतो, म्हणजे ती खरोखर कुठे चाललीय ते. सेकंदाला पंचवीस वेळा या दोन उत्तरांचा ताळमेळ घेतला जातो. जमला नाही तर चारपैकी एकाच चाकाला ब्रेक लागतो आणि इंजिनाचा जोर कमी होतो. पायाखालच्या एका पेडलने चार चाकांना वेगवेगळा ब्रेक कोणताही चालक लावू शकत नाही, मग तो फॉर्म्युला वनचा असो. ए-क्लासच्या बाबतीत खुबी अशी, की उलटायची वेळ येताच पुढच्या बाहेरच्या चाकाला जोरात ब्रेक लागतो. त्या चाकाची आडवी पकड सुटते, गाडी थोडं रुंद वळण घेते, आणि कलंडवणारा जोर उतरतो. वळण थोडं हुकतं, पण छप्पर वर राहतं.

गिरकी मोजणारा सेन्सर हाच सगळ्यात महागडा भाग होता, कारण त्याचं तंत्र विमान आणि अवकाश क्षेत्रातून आलेलं. कूपेच्या किमतीत तो खपून जात होता. ए-क्लाससाठी एकदम लाखोंच्या संख्येने हवा म्हटल्यावर बॉशला सिलिकॉनमध्ये कोरलेला, छोटा आणि स्वस्त सेन्सर झपाट्याने कारखान्यात उतरवावा लागला. एबीएसला झिरपायला जिथे चौदा वर्षं लागली, तिथे ईएसपी १९९९ मध्ये मर्सिडीजच्या सगळ्या मोटारींत आली. चार वर्षांत. इतर कंपन्यांची पंचाईत झाली: तीस हजार मार्कांच्या आसपासच्या मर्सिडीजमध्ये जे फुकट मिळतं, ते आमच्या महागड्या गाडीत का नाही, असं ग्राहक विचारू लागला. पुढे युरोपीय संघाने नोव्हेंबर २०११ पासून नव्या मॉडेलांना आणि २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ती सक्तीची केली.

श्रेय वाटायचंच तर मी पहिला वाटा कोलिन यांच्या शंकूंना देईन. कंपनीला श्रेय द्यायचं ते पैसा कुठे घातला त्याबद्दल. ते ३० कोटी मार्क नुसत्या जाहिरातींवर उधळून विषय मिटवता आला असता. जाहिरातीही आल्याच म्हणा. टेनिसपटू बोरिस बेकरला घेऊन, आपण जिंकण्यापेक्षा चुकांमधून जास्त शिकलो, अशा धर्तीची मोहीम चालली, आणि ती गाजली. पण ती चालली कारण फेब्रुवारी १९९८ च्या अखेरीस जी गाडी परत दुकानात आली, ती खरोखर वेगळी होती. २००४ पर्यंत या पिढीच्या अकरा लाखांवर गाड्या बनल्या.

नंतर

ही शिकवण कंपनीच्या अंगी कायमची मुरली असती तर हे प्रकरण इथे संपवता आलं असतं. श्रेम्प मे १९९८ मध्ये क्रायस्लरबरोबरच्या विलीनीकरणात गुंतले. पुढच्या काही वर्षांत मर्सिडीजच्या गाड्यांना गंज आणि इलेक्ट्रॉनिक बिघाडांनी ग्रासलं, आणि मार्च २००५ च्या अखेरीस १३ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २०१८ मध्ये जर्मन मोटार प्राधिकरणाने डिझेल गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये धुराची मोजणी चुकवणाऱ्या सोयी सापडल्याचं सांगत युरोपातल्या ७ लाख ७४ हजार मर्सिडीज परत बोलवायला लावल्या, आणि २०२० मध्ये अमेरिकेत सुमारे दीड अब्ज डॉलरची तडजोड झाली. एल्क प्रकरणात दोष उघड्यावर पडला होता, छायाचित्रांसकट. डिझेलचा दोष दिसत नव्हता, शोधून काढावा लागला, आणि तिथे तीन आठवड्यांत कोणी पुढे आलं नाही.

महाराष्ट्रात या ताऱ्याची पहिली ओळख मोटारीवर नाही, ट्रकवर झाली. १९५४ च्या टेल्को-डाइमलर-बेंझ करारानंतर १९६९ पर्यंत 'टाटा-मर्सिडीज-बेंझ' ट्रक घाट चढत होते. मोटारी आल्या १९९५ मध्ये, पुण्यात टेल्कोच्या आवारात जुळवलेल्या ई-क्लासच्या रूपाने. २००९ पासून कंपनीचा स्वतःचा कारखाना चाकणला आहे. उलटलेली ती ए-क्लास मात्र इथे विकायला आलीच नाही. २०१३ मध्ये भारतात आलेल्या ए-क्लासमध्ये दुहेरी तळ नव्हता. ती चारचौघींसारखी बुटकी हॅचबॅक होती.

पण त्या जुन्या ए-क्लासचा बांधा आपल्या रस्त्यांवर भरपूर दिसतो. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना अबकारी सवलत मिळाली, आणि तेव्हापासून आखूड पण उंच गाड्यांचं पीक आलं. एल्क नाही, पण म्हशी, कुत्री आणि विरुद्ध बाजूने येणाऱ्या दुचाकी आहेत, आणि सुट्टीला निघालेली गाडी इथेही टपापर्यंत भरलेली असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या चाचणीत, तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर गाडीत ईएससी, म्हणजे तीच यंत्रणा, प्रत्येक व्हेरियंटमध्ये असावी लागते. ही चाचणी कंपन्यांना ऐच्छिक आहे. तेव्हा शोरूममध्ये ब्रोशर हातात घेतलं की सनरूफच्या ओळीखाली ईएससीची ओळ शोधा, आणि ती टिकमार्क बेस मॉडेलच्या रकान्यातही आहे का, ते पाहा.